स्वभावाला औषध असतं का?

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स

व्यक्तिमत्त्व विकासावरचं कुठलंही व्याख्यान घ्या. पहिल्या दहा मिनिटांत पाहुणे टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलतात आणि विचारतात, "सांगा बरं, हा अर्धा भरलेला आहे की अर्धा रिकामा?" मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, मेसचं ताक असेल तर अर्धं पाणीच आहे!" हशा पिकतो, टाळ्या पडतात आणि मग सगळे एका सुरात "भरलेला!" म्हणतात. कारण कुठलं उत्तर दिलं की आपण आशावादी ठरतो, हे आता बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

माझी शंका इथेच सुरू होते. माणूस तोंडाने काहीही सांगू शकतो. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याला हा ग्लासचा प्रश्न कसा विचारायचा? गोठ्यातल्या बैलाला, हॉस्टेलच्या गेटवरच्या कुत्र्याला, डुकराला, अगदी मधमाशीला? आणि समजा विचारता आलाच, तर सगळे बैल एकच उत्तर देतील, की प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे वेगळं?

गंमत म्हणजे असे प्रयोग खरोखर झाले आहेत. ते वाचताना मला सारख्या आजीच्या तीन म्हणी आठवत होत्या. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी म्हणजे बरंचसं आजीचंच मराठी!) पहिली – दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसरी – भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आणि तिसरी, जी रूम पार्टनरबद्दल बोलताना आपण सगळेच वापरतो – स्वभावाला औषध नाही. या तीनपैकी खऱ्या किती, हे जरा तपासून बघू.

बाजारातलं मानसशास्त्र

आधी मूळ प्रश्न. जनावराला 'स्वभाव' असतो का? शहरातल्या माणसाला ही शंका येईल, आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला येणार नाही. आटपाडी, जत, आणि शेजारचे माण, सांगोला हा सगळा खिलार जनावरांचा मुलूख. पांढरा-करडा रंग, मागे वळलेली लांब शिंगं, चपळ पाय आणि अंगात रग. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं – आदत आहे, दुसा आहे की चौसा. खूर बघतं, शिंगं बघतं. मग उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत ठरते. पण हात उपरण्याखाली जायच्या आधी एक प्रश्न येतोच: "सोबावानं कसा हाय?"

आणि उत्तरासाठी शब्द किती! गरीब, मारका, तापट, खट्याळ, अंगचोर, बुजरा. जात एक, वय एक, गोठा एक, वैरण एक, तरी एक बैल गरीब आणि त्याच्या शेजारचा मारका. आटपाडीकडच्या माझ्या मामाने एकदा एका खोंडाबद्दल सांगितलं होतं, "ह्यो जरा बुजतोय, पण कामाला लई गुणी हाय." एका वाक्यात संपूर्ण 'पर्सनॅलिटी रिपोर्ट'!

विज्ञानाला हे मान्य करायला मात्र बराच वेळ लागला. घंटा आणि लाळेच्या प्रयोगामुळे आपल्याला माहीत असलेल्या रशियाच्या पावलोव्हने आपल्या कुत्र्यांचे स्वभावानुसार चार गट केले होते. पण पुढे बरीच वर्षं जनावराच्या स्वभावाबद्दल बोलणं म्हणजे त्याच्यावर माणसाच्या भावना लादणं, असं समजलं जाई. दोन प्राण्यांच्या वागण्यातला फरक म्हणजे मोजमापातला 'नॉइज', सरासरी काढली की गेला! आपण लॅबमध्ये रीडिंग जुळली नाहीत की करतो तसंच. 'नॉइज'मध्येच 'सिग्नल' आहे हे गेल्या तीसेक वर्षांत पटत गेलं. नेदरलँड्समध्ये 'ग्रेट टिट' नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांना अनोळखी खोलीत सोडून बघितलं. काही पक्षी भराभर सगळी खोली पालथी घालत, काही एका फांदीवर बसून अंदाज घेत. आणि तोच पक्षी पुन्हा सोडला तरी साधारण तसाच वागे.

स्वभावाची शास्त्रीय व्याख्याही हीच आहे. वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या प्रसंगी एकाच प्राण्याच्या वागण्यात टिकून राहणारा, आणि इतरांपेक्षा वेगळा, असा कल. बैल एक दिवस ट्रॅक्टरला बिचकला तर तो त्या दिवसाचा प्रसंग. ट्रॅक्टरला, छत्रीला, नव्या माणसाला, वाऱ्याने हलणाऱ्या ताडपत्रीला, सगळ्यालाच बिचकत असेल तर तो बुजरा.

या 'बुजणे' शब्दावर जरा थांबू या. बुजणं म्हणजे नुसतं घाबरणं नव्हे. समोर वाघ असेल तर सगळेच बैल घाबरतील, त्यात स्वभाव कसला? समोरची वस्तू धोक्याची आहे की नाही हे स्पष्ट नसताना ती धोक्याची आहे असं धरून चालणं, म्हणजे बुजणं. शेतातलं बुजगावणंही याच शब्दातून आलं. सदरा आणि मडकं. माणूस आहे की नाही? काही पाखरं लांबूनच वळतात, आणि काही पठ्ठे सरळ त्याच मडक्यावर येऊन बसतात. म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी पाखरांसाठी अर्धा पेला कधीच उभा करून ठेवला होता. शास्त्रज्ञांनी फक्त त्याला मोजपट्टी लावली.

०.८ आणि २ व्होल्टच्या मधे

ही मोजपट्टी कशी चालते हे आपल्या भाषेत सांगते. डिजिटलच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आपण शिकतो की टीटीएल गेटच्या इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत 'लो' आणि २ व्होल्टच्या पुढे 'हाय'. आणि मधे? मधल्या पट्ट्यात काय होईल याची डेटाशीट हमी देत नाही. तिथे एक गेट 'हाय' समजेल, दुसरा 'लो'. ज्याला गेटचा 'स्वभाव' बघायचा आहे त्याने ० किंवा ५ व्होल्ट देऊन काही उपयोग नाही, १.४ च्या आसपास देऊन बघावं.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या एम्मा हार्डिंग, एलिझाबेथ पॉल आणि मायकेल मेंडल यांनी २००४ साली नेमकं हेच उंदरांवर केलं. उंदरांना शिकवलं की एक सूर वाजला की दांडी दाबायची, खाऊ मिळतो. दुसरा सूर वाजला की दांडी दाबायची नाही, दाबली तर कर्कश खरखर ऐकावी लागते. दोन्ही सूर पक्के झाल्यावर त्यांनी दोघांच्या मधले सूर वाजवले. आता उंदीर काय करणार? दांडी दाबली तर 'खाऊ मिळेल' असा त्याचा अंदाज, म्हणजे आशावादी. गप्प बसला तर निराशावादी.

त्याआधी उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाचा दिनक्रम ठरलेला. दुसऱ्या गटाच्या पिंजऱ्यात रोज काहीतरी भानगड – कधी अंथरूण ओलं, कधी पिंजरा तिरका, कधी अनोळखी उंदीर सोबतीला. (पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलवाल्यांना आपली रूम आठवली असेल.) पक्क्या सुरांना दोन्ही गट नीट उत्तर देत होते. पण खाऊच्या सुराजवळचे मधले सूर वाजले की भानगडीत राहिलेले उंदीर दांडी कमी वेळा दाबत, आणि दाबलीच तर उशिरा. 'नेचर'मध्ये हा प्रयोग छापून आला आणि मग अशा प्रयोगांची रांगच लागली.

दूध, ताक आणि गुलाबी पडदा

पहिली म्हण – दूध पोळलं की ताक फुंकणं. उंदरांनी ती खरी करून दाखवलीच. पुढे २००७ साली इंग्लंडमध्ये स्टार्लिंग पक्ष्यांवर (आपल्या साळुंकीचे हे नातेवाईक) तसाच प्रयोग झाला. पांढऱ्या झाकणाखाली चविष्ट अळी, गडद करड्या झाकणाखाली कडू. मग मधल्या छटांची झाकणं ठेवली. ऐसपैस, सोयींनी भरलेला पिंजरा काढून घेतल्यावर तेच पक्षी मधली झाकणं उघडायला कचरू लागले.

२०११ साली मधमाश्यांची पाळी आली. त्यांना एका वासाला गोड पाणी आणि दुसऱ्या वासाला कडू क्विनाइन, असं शिकवलं. मग काही मधमाश्यांना मिनिटभर यंत्रावर जोरात हलवलं, जणू कोणी पोळ्यावर हल्ला केलाय. त्यानंतर दोन्ही वासांचं मिश्रण समोर धरलं, तर हललेल्या मधमाश्या सोंड पुढे करायला नाखूश. एवढ्याशा मेंदूतसुद्धा वाईट अनुभवाने 'थ्रेशोल्ड' सरकतो!

आपल्याला जवळचा प्रयोग वासरांचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१३ साली वासरांना लाल आणि पांढऱ्या पडद्यांतून दूध मिळणारा पडदा ओळखायला शिकवलं. मग मधल्या गुलाबी छटा दाखवल्या. त्यानंतर, डेअरीत नेहमी करतात तशी, तापलेल्या लोखंडाने त्यांच्या शिंगांची उगवती टोकं जाळली. (खिलाराची शिंगं हीच त्याची शान, त्यामुळे त्याच्या वाट्याला हे येत नाही.) ती जळाल्यावर तीच वासरं गुलाबी पडद्याकडे कमी जाऊ लागली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हा परिणाम टिकला. दुखणं शिंगाचं, आणि उतरला तो पडद्यावरचा विश्वास.

मात्र सगळे प्रयोग असे सरळ उत्तर देत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१० साली मेंढ्यांना कळपापासून वेगळं काढून काही तास अडकवून ठेवलं आणि सोडल्यानंतर चाचणी घेतली. अपेक्षा होती की त्या निराश होतील. झालं उलट, त्या जास्त आशावादी निघाल्या! संशोधकांचा अर्थ असा की चाचणीच्या वेळी मनावर अंमल होता तो सुटकेचा. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर कॅन्टीनचा कालचा वडासुद्धा आपल्याला ताजा वाटतो, तसंच काहीसं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस

आता दुसरी म्हण. ही म्हण काल काय झालं ते विचारत नाही. ती म्हणते, मुळात भित्रा असलेल्याला साध्या झाडाखालीही ब्रह्मराक्षस दिसतो. म्हणजे थ्रेशोल्ड अनुभवाने सरकत असेल, पण तो सुरुवातीलाच प्रत्येकाचा वेगळा असतो.

यालाही पुरावा आहे. ब्रिस्टलच्याच गटाने २०१० साली इंग्लंडमधल्या निवारागृहांतली २४ कुत्री तपासली. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाणं, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात काही नाही, हे त्यांना शिकवलं. मग वाडगा मधेच कुठेतरी ठेवला. एकटं ठेवल्यावर जी कुत्री भुंकून, दार ओरबाडून गोंधळ घालत, तीच मधल्या वाडग्याकडे सावकाश जात. म्हणजे घर डोक्यावर घेणारा कुत्रा मस्तीखोर नसून मनातून 'आता काही खरं नाही' असं धरून बसलेला असू शकतो.

वासरांवरही २०१८ साली असाच अभ्यास झाला, पुन्हा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातच. एका बाजूला दूध आणि दुसऱ्या बाजूला तोंडावर हवेचा फुत्कार. मग मधल्या जागी बाटली. हीच चाचणी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतली, तेव्हा पहिल्या वेळी निराश असलेलं वासरू दुसऱ्या वेळीही साधारण निराशच निघालं. शिवाय अनोळखी माणूस, अनोळखी वस्तू आणि अनोळखी जागा यांना जी वासरं जास्त घाबरत, तीच मधल्या बाटलीबाबतही जास्त निराशावादी होती. मराठीत सांगायचं तर बुजरं वासरू निराशावादी असतं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणेल, "ह्याला कॅनडाला कशाला जाया पायजे?" पण मामाकडे अंदाज होता, इथे आकडे आहेत, आणि पहिल्याच महिन्या-दोन महिन्यांच्या वयात हा फरक दिसतो हे आकड्यांनीच कळलं.

डुकरांनी दिलेला निकाल

मग दोन्ही म्हणी खऱ्या. पण दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतील तर कुणाचं पारडं जड? परिस्थितीचं की स्वभावाचं? हा प्रश्न लुसी ॲशर, लिसा कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ३६ डुकरांना विचारला. (हसू नका. हुशारीत डुक्कर कुत्र्याला हार जात नाही असं अनेक अभ्यासक मानतात.)

त्यांनी आधी डुकरांचे स्वभाव तपासले. काही डुकरं अडचणीत पुढाकार घेणारी – धडपडणार, जाऊन बघणार, आणि दर वेळी तशीच वागणार. त्यांना आपण 'धडाडीची' म्हणू. दुसरी बेतानं घेणारी – थांबणार, अंदाज घेणार, आणि प्रसंगाप्रमाणे वागणं बदलणार. त्यांना 'सावध' म्हणू. मग दोन्ही प्रकारची डुकरं दोन वेगळ्या घरांत ठेवली. एका घरात जास्त जागा आणि खाली गवताचा जाड थर, दुसऱ्या घरात दोन्हीची काटकसर.

चाचणी तीच. एका ठिकाणच्या भांड्यात चॉकलेटच्या गोळ्या, दुसऱ्या ठिकाणच्या भांड्यात कडू कॉफीच्या बिया. शिकून झाल्यावर तिसरं भांडं, मधल्या जागी. जायचं का?

धडाडीची डुकरं दोन्ही घरांत जवळजवळ सारखीच आशावादी. घर साधं असो की ऐसपैस, गडी निघाला भांड्याकडे. सावध डुकरांचं मात्र घरावर अवलंबून. ऐसपैस घरातली सावध डुकरं आशावादी, आणि काटकसरीच्या घरातली स्पष्टपणे निराशावादी. म्हणजे पारडं कुणाचं जड याचं उत्तरच स्वभावाप्रमाणे बदलतं! काहींचा अंदाज त्यांचा स्वभाव ठरवतो, आणि काहींचा अंदाज आजूबाजूची परिस्थिती ठरवते. मनाची अवस्था आणि स्वभाव मिळून अंदाज ठरतो, हे माणसांबद्दल आधी माहीत होतं. माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात ते पहिल्यांदाच दिसलं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सोपं करते. कम्पॅरेटर दोन घ्या. एकाचा रेफरन्स व्होल्टेज झेनर डायोडने बांधलेला, सप्लाय थोडा खालीवर झाला तरी तो हलत नाही. दुसऱ्याचा रेफरन्स दोन रेझिस्टर लावून थेट सप्लायवरून काढलेला, सप्लाय डगमगला की रेफरन्सही डगमगला. आयसी तोच, इनपुट तोच, आऊटपुट वेगळं. दुसरा कम्पॅरेटर 'खराब' आहे का? मुळीच नाही. त्याला फक्त चांगला सप्लाय हवा.

आता ३६ हा आकडा लहान आहे, आणि एका अभ्यासावर मोठी इमारत बांधू नये हे मलाही कळतं. 'आशावादी' हा शब्दही जपून वापरायचा. डुक्कर उद्याची स्वप्नं बघतं असं इथे कुणीच म्हणत नाही, संदिग्ध इशाऱ्याचा अर्थ ते कुठल्या बाजूने लावतं एवढंच मोजलं जातं. तरीही दिशा पटण्यासारखी आहे.

निसर्गाने दोन्ही प्रकार का ठेवले?

धडाडीचेच चांगले असतील तर बुजरे उरलेच कसे? याचं उत्तर सांगलीकरांना वेगळं समजवायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. समजा पाणी ३६ फुटांवर आहे आणि वर पाऊस चालू आहे. आता घर हलवायचं का? एक घर लगेच सामान माडीवर चढवतं. दुसरं म्हणतं, "दरवर्षीच येतंय, उतरेल." बहुतेक वर्षी पाणी उतरतंच, आणि पहिल्या घराची फुकट दमछाक होते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा ती फुकटची दमछाक करणारेच शहाणे ठरले.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या. नसलेल्या धोक्याला घाबरणं आणि असलेल्या धोक्याला न घाबरणं. पहिली स्वस्त, पण रोज रोज केली तर महाग पडते. दुसरी क्वचित घडते, पण घडली की सगळं घेऊन जाते. कुठली चूक परवडेल हे त्या वर्षावर अवलंबून. नेदरलँड्सच्या त्या ग्रेट टिट पक्ष्यांत हेच दिसलं. हिवाळ्यात बिया भरपूर असतील त्या वर्षी एका स्वभावाचे पक्षी जास्त टिकत, टंचाईच्या वर्षी दुसऱ्या. कुठलाच स्वभाव कायमचा पहिला येत नाही, म्हणून दोन्ही टिकून राहतात. बैलांच्या बाबतीतही बुजरेपणा म्हणजे बिघाड नव्हे. रानात बिबट्याची चाहूल आधी लागते ती त्यालाच.

गोठ्यात याचा उपयोग काय?

हे सगळं कागदावर ठीक, पण खऱ्या जनावराला यातून काही मिळतं का? मला वाटतं, मिळू शकतं.

बैलगाडा शर्यतींचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या, २०१७ साली महाराष्ट्राने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. या सगळ्या वादाच्या मुळाशी एक प्रश्न होता – बैल पळतो तो रग म्हणून, की भीतीने? शौकीन म्हणतात, रग. विरोधक म्हणतात, भीती. दोघेही बैलाच्या वतीने बोलतात. खुद्द बैलाला विचारायची एक रीत मात्र आता उपलब्ध आहे. शर्यतीच्या आधी आणि नंतर, मारकूट झालेल्या आणि लाडाने वाढवलेल्या बैलांना मधलं भांडं दाखवायचं आणि कोण जातो ते मोजायचं. अंतिम वर्षाच्या एखाद्या ग्रुपला प्रोजेक्ट हवा असेल तर सेन्सर आणि टायमरचं काम आपलंच आहे. जनावरांच्या डॉक्टरांना मात्र सोबत घ्या.

आणि उत्तर सगळ्या बैलांचं एक येईलच असं नाही, हे डुकरांनी शिकवलंय. सरासरी काढून "बैलांना त्रास होतो" किंवा "होत नाही" म्हणणं अपुरं. त्याच दावणीला बांधलेले दोन बैल एकच दिवस दोन प्रकारे भोगत असतील. धडाडीचा बैल वाईट गोठ्यातही चालून जाईल. सावध बैल त्याच गोठ्यात आतून खचेल, आणि आपण म्हणू, "हा मूळचाच असला." मग तो बाजारात स्वस्तात जाईल. नव्या मालकाकडे परिस्थिती आणखी वाईट असेल तर आणखी बुजेल, आणखी स्वस्त होईल. हे चक्र कुठे तोडता येतं? गोठ्यापाशी! बुजऱ्या वासराला लहानपणापासून अंगावरून हात फिरवून, हाताने चारून, एकच माणूस रोज जवळ ठेवून सवय लावायची, हे जुने शेतकरी करत आलेच आहेत. नवीन काय ते एवढंच कळलं की ही मेहनत कुणावर सगळ्यात जास्त लागू पडते. ज्याला आपण सोडून देतो, त्याच्यावर.

तिसरी म्हण

तर मित्र-मैत्रिणींनो, आजीच्या पहिल्या दोन म्हणी पास. तिसरी, 'स्वभावाला औषध नाही', ही मात्र अर्धीच पास. सावध डुक्कर ऐसपैस घरात गेलं म्हणून धडाडीचं झालं नाही, त्याचा स्वभाव सावधच राहिला. पण त्याचा जगाबद्दलचा अंदाज बदलला. स्वभाव बदलण्याचं औषध कदाचित नसेल. पण अमुक स्वभावाला कुठली हवा मानवते, हे कळण्यासारखं आहे, आणि ती हवा देणं बऱ्याचदा दुसऱ्यांच्या हातात असतं.

आपल्या हॉस्टेलचाच विचार करा. दरवर्षी नव्या बॅचमध्ये दोन्ही प्रकारची मुलं-मुली येतात. काही जण पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तरी पहिल्या आठवड्यात क्रिकेटची टीम उभी करतील. त्यांची काळजी नको. पण घरी, शाळेत बोलका असलेला एखादा जण इथे आल्यावर गप्प होतो. सीनियरने नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी त्याला रॅगिंगच वाटतं. नोटीस बोर्डवर "खालील विद्यार्थ्यांनी ऑफिसमध्ये भेटावे" वाचलं की त्याच्या पोटात गोळा येतो, भले स्कॉलरशिपचा चेक आला असेल! त्याला आपण "निगेटिव्ह आहे रे तो" म्हणून शिक्का मारतो आणि ग्लासचं लेक्चर ऐकवतो. लेक्चरने त्याचा रेफरन्स हलत नाही. पाण्याचा नळ चालू असणं, मेसमध्ये शेजारी बसायला कोणीतरी असणं, रात्री दार वाजलं तर ते कुणाचं आहे हे माहीत असणं, याने हलतो.

रेक्टर सर, मॅडम आणि मेसचे मामा हा अंक वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना एक विनंती. या वर्षी पहिल्या वर्षाच्या रूम देताना जे फॉर्मवर काहीच मागणी लिहीत नाहीत, त्यांच्याकडे आधी बघा. जे मागतात त्यांचं कुठेही भागतं. आणि आपण सीनियर मंडळींनी पहिल्या आठवड्यात एवढंच करायचं: जो कोपऱ्यात बसून अंदाज घेतोय, त्याला आपल्या टेबलावर बोलवायचं. एकदा बोलावून आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या भांड्याकडे यायला त्याला जरा वेळ लागतो, एवढंच.